जपून ठेवलेली पिशवी

पाचव्या मेडिकलच्या पायऱ्या चढेपर्यंत माझी छाती शिट्ट्या मारू लागली होती. दम्याच्या त्या गोळ्या गावात कुठेच मिळत नव्हत्या.

"दहा पाकिटं होती," काउंटरवरचे काका म्हणाले. "एकाच गिऱ्हाइकाने फोन करून सगळी घरी मागवली."

"असल्या साठेबाजांमुळेच आमचे हाल होतात! लाज कशी वाटत नाही यांना?" मी धापा टाकत ओरडलो.

काकांना माझी दया आली. "थांबा, नंबर आहे. एखादं पाकीट मागून बघू." त्यांनी फोन लावला.

माझ्या खिशात सनई वाजू लागली. दिवाळीआधी कपाटावर अगदी जपून ठेवलेली पिशवी मला तेव्हा आठवली.

काकांनी फोन कानाला तसाच धरला. "उचला की," ते म्हणाले. "लाज कशी वाटत नाही, तेवढं विचारून घ्या."