उन्हात ठेवलेली लेन्स

पेडणेकरकाकांनी रुमालात गुंडाळून आणलेल्या लेन्समध्ये सहा भिंगं होती, त्यांतली दोन थोरियम मिसळलेल्या काचेची. प्रयोगशाळेतल्या ओवीनं ती मोजली आणि जोडणीची पितळी कडी लावून लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली.

अशी काच वयानं पिवळी पडते आणि त्या पिवळेपणात पूर्वी आरपार गेलेली दृश्यं साठून राहतात, हे कळल्यापासून प्रयोगशाळेबाहेर म्हाताऱ्या फोटोग्राफरांची रांग लागायची. गेल्या आठवड्यात एकाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःच्या लग्नाचा मांडव दिसला होता. काकांना त्यांची मुलगी पाहायची होती. ती चार वर्षांची असताना तापानं गेली आणि तिचे सगळे फोटो वाळवीनं खाल्ले.

“सारखी तिच्यावरच लेन्स रोखायचो,” काका म्हणाले. “वैतागून म्हणायची, बाबा, पुरे की आता!”

पडद्यावर समोरची भिंत तेवढी दिसत होती.

“काका, काच पिवळी नव्हती का हो?”

“होती ना, अगदी चहासारखी! पण तुमच्याकडे असली कळकट लेन्स कशी आणायची? आठ दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवली. आमच्या धंद्यात पिवळी काच अशीच साफ करतात. बघ, कशी लख्ख झालीय!”

उन्हानं पिवळेपणा जातो आणि त्याच्याबरोबर साठलेलं सगळं जातं. ओवीनं लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवली.

“आता दिसेल ना गं?” काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

तिनं थोरियमची दोन्ही भिंगं काढून प्रकाशमापकाखाली धरली. आरपार जाणारा प्रकाश अठ्ठ्याण्णव टक्के भरला; पिवळेपणा उरलाच नव्हता.