हिरवं कुलूप

"फोडा ते कुलूप! आत्ताच्या आत्ता!"

फोरमनचा आवाज इंजिनाच्या घरघरीवरही चढला. पाठीमागे सगळे त्याला काडतूस म्हणत, ते काही उगीच नाही. बॉयलर आतून साफ झाला होता, माणसं बाहेर पडून जेवायला गेली होती, आणि धुराच्या झडपेच्या दांड्याला एकच कुलूप लोंबत होतं. हिरवं. म्हणजे फोरमनच्या जावयाचं.

वीजघरातलं इंजिन चालूच होतं. त्याचा तापलेला धूर एरवी या झडपेतून बॉयलरमध्ये जाई आणि त्या फुकटच्या उष्णतेवर वाफ तयार होई. बॉयलर साफ करायचा असला की झडप बंद करून धूर सरळ चिमणीत सोडत. मग आत उतरणारा प्रत्येक जण दांड्याला आपापल्या रंगाचं कुलूप लावी आणि बाहेर आला की स्वतःच्या हातानं काढी. वेल्डरांची निळी, सफाईवाल्यांची पिवळी, फोरमनचं लाल, जावयाचं हिरवं. एक जरी कुलूप असलं तरी झडप उघडत नसे. आत माणूस असताना ती उघडली, तर तो जिवंत बाहेर येणं शक्यच नव्हतं. ही पद्धत फोरमननंच बसवली होती. कुलूप विसरलेल्या एका वेल्डरला त्यानं सगळ्यांदेखत कानफटात ठेवून दिली होती.

"गंमत म्हणजे त्यानं मघाशी काढलं होतं हो," झडपेशेजारच्या खोलीतून ऑपरेटर डोकावला. "दांडा मोकळा दिसला म्हणून मी झडप हलते का ते बघायला बटण दाबलं, तर जागची हलेना. येऊन बघतो तर हे पुन्हा लटकलेलं."

"मघाशी म्हणजे कधी?"

"तुम्ही चहाला आलात ना, त्याच्या जरा आधी."

फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे विसरला नव्हता. काढून, मुद्दाम पुन्हा लावून गेला होता. सकाळच्या भांडणाचा सूड! वरून साहेबाचे फोनवर फोन येत होते, वाफ कधी, वाफ कधी, आणि हा पठ्ठ्या किल्ली खिशात घालून कुठंतरी मजा बघत बसला असणार.

सकाळी बॉयलरच्या खालच्या दारापाशीच जावयानं तोंड उघडलं होतं. जहाजावर नोकरी लागतेय म्हणाला. तिथंही असलेच बॉयलर असतात, मामा, काम आपलंच आहे.

"माझ्या लेकीला वाऱ्यावर सोडून समुद्रावर जाणार तू? मग मागणी कशाला घातलीस?" फोरमन कडाडला होता. जावई काहीतरी समजावायला लागला. फोरमननं त्याच्या हातातली बॅटरी हिसकावली आणि नळ्या तपासायला स्वतःच दारातून आत घुसला. मागून "मामा, अहो मामा" अशा हाका आल्या. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नळ्या बघत बघत वर चढला, वरच्या दारानं बाहेर पडला आणि धुसफुसतच चहाला गेला. या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आता मात्र बघावं लागणार होतं. कुलूप फोडायचं तर ज्याचं ते आहे तो माणूस आधी डोळ्यांनी पाहायचा, हाही नियम त्याचाच. त्यानं कटर खांद्यावर टाकला आणि लोखंडी जिना उतरायला लागला. आज साहेबाला सांगून याला गेटाबाहेर काढतोच. लेकीलाही घरी घेऊन येतो. मग जा म्हणावं समुद्रावर, नाहीतर समुद्राच्या तळाशी. खिशातलं जडसं काहीतरी पायरीगणिक मांडीवर आदळत होतं. तिकडे लक्ष द्यायला त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

खालच्या दारातून दोन बूट बाहेर आलेले दिसले. बाकीचा माणूस कमरेपर्यंत आत होता आणि बसलेल्या घशानं अंधारात ओरडत होता.

"मामा! अहो, आवाज तरी द्या! मामा!"

"या जावईबापू, या बाहेर!"

बूट हलले. जावई सरपटत बाहेर आला. काजळीनं तोंड ओळखू येत नव्हतं, कोपर सोलवटून निघालं होतं. फोरमनकडे बघून तो मटकन खालीच बसला.

"तुम्ही... बाहेर कधी आलात?"

"माझं सोड! कुलपाचं बोल!" फोरमननं कटर जमिनीवर आपटला. "काम संपलं होतं, सगळी माणसं बाहेर होती. आत कोण तुझा काका बसला होता, म्हणून पुन्हा लावलंस?"

"तुम्ही होतात!" जावई पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडला. "हाका मारल्या तर मागं वळून बघितलं नाहीत. वर धावत गेलो, तर दांड्याला लाल कुलूप नव्हतं!"

फोरमननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ऑपरेटरनं दाबलेलं ते बटण त्याला आठवलं. हात आपोआप खिशात गेला. मघापासून मांडीवर आदळत होतं ते बाहेर आलं: लाल कुलूप, किल्लीसकट, सकाळपासून उघडंच.