पहिल्या रांगेतली खुर्ची

सोलांज व्हेर्दिएने निमंत्रणावरचा आकडा तिसऱ्यांदा वाचला. दुसरी रांग.

मासिकाची संपादक होऊन तिला आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक फॅशन शोला ती पहिल्या रांगेत बसत आली होती. पॅरिसमध्ये संपादकाला काढल्याचं पत्र मागाहून येतं. आधी खुर्ची मागे सरकते. हे आंधळ्यालाही कळतं, आणि त्या मंडपात आंधळं कोणीच नव्हतं. मॉडेलांसाठी मोकळ्या सोडलेल्या वाटेच्या पलीकडे, बरोबर समोर, मासिकाचे मालक ग्रांव्हाल बसले होते. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि घड्याळाकडे बघत बसले.

तिच्या नेमकी पुढची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवरचं पांढरं कार्ड तिने वाकून वाचलं. ओदील मोरिसाक.

ओदील नोव्हेंबरात गेली होती. बावीस वर्षं मासिक चालवलं, आणि गेली तीही संपादक असतानाच. मृत्युलेख सोलांजनेच लिहिला होता, शवपेटीवर पहिलं फूलही तिनेच ठेवलं होतं. म्हणजे कोण्या गाढवाने गेल्या वर्षीची यादी उचलून तशीच वापरली! गेल्या वर्षी ओदील पुढे बसायची आणि तिची सहायक म्हणून सोलांज मागे. एवढंच आहे तर. सोलांजचा जीव भांड्यात पडला. कार्ड पर्समध्ये टाकून ती बिनधास्त पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"मादाम ओदील, पंखा देऊ का?" पाहुण्यांना जागा दाखवणारी मुलगी वाकून विचारत होती. जुलैच्या उकाड्याने मंडप तापला होता.

"मी ओदील नाही."

मुलगी थट्टा समजून गोड हसली आणि हातात कागदी पंखा देऊन गेली.

"ओदील! ओदील, इकडे बघा जरा!" फोटोग्राफर ओरडले. सोलांजने दचकून मान वळवली आणि धडाधड फोटो निघाले.

मग ग्रांव्हाल उठले. छातीवर हात ठेवून, भरल्या मंडपात, त्यांनी तिला अदबीने मान लववली. आठ महिन्यांत या माणसाने तिच्या नमस्काराला धड उत्तरही दिलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोला, तिला ते आवडलंही.

शेजारी ब्लाँश लव्हास्तीन येऊन बसली. ऐंशीची झाली तरी वर्तमानपत्रात कपड्यांवर लिहिणारी, घारीच्या नजरेची बाई. लांबून टाका उसवलेला ओळखायची.

"आलीस? मला वाटलं, एवढ्या उन्हात तू कसली येतेस!"

"ब्लाँश, मी सोलांज. असं काय करतेस? ओदीलला पोचवायला आपण एकाच गाडीतून गेलो होतो."

"चल, काहीतरीच तुझं!" ब्लाँश खळखळून हसली. "स्वतःच्याच मयताला कोणी जातं का? तुझ्या असल्या थट्टा अजून गेल्या नाहीत बघ."

सोलांज उठायला म्हणून पुढे सरकली. मागची खुर्ची हाताच्या अंतरावर होती. तिथे जाऊन बसलं की झालं, सगळ्यांना कळेल. पण ग्रांव्हाल अजून तिच्याचकडे बघत होते, आणि ते हसत होते. ती तशीच खुर्चीच्या कडेला बसून राहिली.

दिवे मंद व्हायला लागले. मघाची मुलगी लगबगीने आली. तिच्या हातात मागच्या खुर्चीवरचं कार्ड होतं.

"मादाम, या सोलांज व्हेर्दिए अजून आल्या नाहीत. तुमच्याच मासिकाच्या आहेत ना? त्यांची जागा ठेवू, की देऊन टाकू? बाहेर लोक उभे आहेत."

ब्लाँशने वाकून नाव वाचलं. "सोलांज... ऐकल्यासारखं वाटतंय खरं. तुझ्या मागे मागे करायची, तीच का गं? काय बरं करायची ती?"

सोलांजने तोंड उघडलं. 'मीच ती' एवढंच म्हणायचं होतं. मग मुलगी माफी मागेल, आणि सोलांज सगळ्यांच्या, ग्रांव्हालच्या देखत उठून मागे जाऊन बसेल. पुढच्या आठवड्यात पत्र येईल. चौदा वर्षं दुसऱ्या रांगेत घासून मिळवलेलं सगळं त्या एका पाकिटात परत जाईल.

"लवकर सांगा मादाम, दरवाजे बंद करतायत."

"ती नाही यायची," सोलांज म्हणाली. "देऊन टाका जागा."

"येतील त्या असं वाटलं होतं हो."

"मी ओळखते ना तिला. नाही यायची."

मुलीने कार्ड मधोमध फाडलं आणि तुकडे मुठीत घेऊन निघून गेली. मागे कोणीतरी धापा टाकत येऊन बसलं. पूर्ण अंधार झाला, ढोल सुरू झाले, आणि समोरून पहिली मॉडेल निघाली.

ब्लाँशने चाचपडत तिचा हात हातात घेतला, आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"अगं बाई! ओदील, केवढी गार पडलीयेस तू!"