अंगठेबहाद्दर

ओल्या मऊ फडक्याने पेटीवरची धूळ निघाली आणि आतल्या कोपऱ्यात उमटलेला तो अंगठा दिसला. कारागिराला हसू आवरेना.

"अगं, ऐकलंस का? तुझा अंगठा परत आलाय, तीस वर्षांनी!" त्याने मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. बायको आत नव्या शीटवरचा कागद सोलत बसली होती.

पेटी घड्याळवाल्यांची होती. त्यांच्या दुकानातल्या सर्वांत जुन्या घड्याळावर ती तीस वर्षं झाकण होऊन बसली होती. काल फळी तुटली आणि ती फरशीवर आपटली.

"काच असून फुटली नाही, याचंच नवल," समोर उभे असलेले घड्याळवाले म्हणाले.

"काच नव्हे, अ‍ॅक्रिलिक." हे वाक्य कारागिराने जन्मभरात इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही म्हणाला असता. "काच फुटते. हे फार तर चार ओरखडे घेऊन रुसून बसतं."

फक्त एक सांधा उकलला होता. बाकी पेटी अजून पाण्यासारखी नितळ होती, पिवळेपणाचा मागमूस नाही.

"आजच हवी आहे हो. संध्याकाळी दुकान मुलीच्या हाती सोपवतोय. नेमकं तेच घड्याळ उघडं कसं ठेवू?" घड्याळवाल्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा अंगठा कुणाचा म्हणालात?"

"आमच्या अंगठेबहाद्दरांचा!" कारागीर म्हणाला आणि रंगात आला.

मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून त्याला तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते. एक खोली, एक करवत, बसायला दोघांत एक स्टूल. ही पेटी म्हणजे त्यांचं पहिलं काम. या कामात गोंद लागत नाही. पाण्यासारखं पातळ द्रावण सिरिंजमध्ये भरायचं आणि सुई सांध्याला टेकवायची. द्रावण आपणहून आत धावतं, दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. तो तुकडे धरायचा आणि ती सुई चालवायची. तिचा हात असा की थेंब इकडचा तिकडे होत नसे. खोलीभर द्रावणाचा गोडसर वास असायचा आणि दोघांची डोकी एकमेकांना लागायची. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

पण ओल्या जागेला बोट लागलं की संपलं. रेषान्‌रेषा उमटते, ती कायमची. बाहेरच्या बाजूला असता, तर तो डाग घासून घालवता आला असता. आतल्या कोपऱ्यात काय करणार? त्या दिवशी दोघांचेही हात पेटीत होते. "पोरखेळ वाटला का तुला हा?" तो तिच्यावर ओरडला होता. तिने सिरिंज खाली ठेवली, ती ठेवलीच. पुढे ती कागद सोलायची, पेट्या बांधायची, गिऱ्हाईक सांभाळायची. त्याच्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलेल्या बायकोला तो चारचौघांत अंगठेबहाद्दर म्हणायचा. लोक हसायचे. तीही हसायची. तिने पुन्हा सुई धरावी असं त्याला फार वाटायचं, पण तसं म्हणायला जीभ रेटली नाही.

घड्याळवाल्यांनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि पेटीत डोकं घातलं.

"अंगठ्यावर आडवी रेघ आहे हो. खोल गेलेली, जुन्या जखमेची. वहिनींना कधी लागलं होतं का?"

कारागिराने डावा अंगठा मुठीत दडवला. लग्नाच्याही आधी, कारखान्यातल्या पहिल्या वर्षी करवतीने त्यावर आडवा घाव घातला होता.

तासाभराने येतो, असं सांगून घड्याळवाले गेले. कारागिराने सिरिंज भरली आणि सांध्याजवळ नेली. सुईचं टोक नाचायला लागलं. हल्ली ते नाचायचंच. बारीक सांध्याची कामं तो वर्षभर या ना त्या सबबीवर टाळत होता. आज मात्र हात वयामुळे कापतोय की लाजेमुळे, हे त्याचं त्यालाच कळेना.

तो पेटी घेऊन मागच्या खोलीत गेला आणि सिरिंज तिच्यापुढे ठेवली.

"माझा हात कापतो. हा सांधा तू भर."

"मी?" ती सिरिंजकडे बघत राहिली. मग तिने हात पुसले, चष्मा चढवला आणि सुई उचलली. त्याने तुकडे जुळवून धरले. सुई टेकली. सांध्यातली हवेची चंदेरी रेघ या टोकापासून त्या टोकाकडे सरसर विझत चालली. एक थेंबसुद्धा बाहेर आला नाही. इतकी वर्षं हा हात त्याने नुसते कागद सोलण्यात वाया घालवला होता. त्याला राहवेना.

"अगं, तो अंगठा माझा होता."

सुई थांबली नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"नोकरी सोडून आठ दिवस झाले होते तुम्हाला," ती सांध्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुमचाच आहे म्हटलं असतं, तर नवव्या दिवशी तुम्ही परत कारखान्यात गेला असता. आता हलू नका, सांधा ओला आहे."