चाकाखालची लिंबं

ज्या अमेरिकन मोटार कंपनीनं आमच्या क्षितिजला घरी बसवलं होतं, तिनंच परत बोलावलं. "आई, कंपनी आता पूर्ण सावरलीय," म्हणत स्वारीनं हातातल्या पक्क्या नोकरीचा राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. सगळ्यांचा इंग्लंडचा व्हिसा त्याच नोकरीवर, सून रडकुंडीला आलेली. पण माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतंय कोण?

भुलवायला कंपनीनं नवीकोरी गाडीही दारात पाठवली. मिल्टन कीन्सच्या गोऱ्या शेजाऱ्यांदेखत मी ती ओवाळली, चाकांखाली चार लिंबं ठेवली. म्हटलं, "घे पुढे, बघू तुझी सावरलेली!"

त्यानं अर्धा तास बटणं दाबली, गाडी तसूभर हलेना.

लिंबं अखंड होती. सरबत केलं, आणि ग्लास त्याच्या राजीनाम्यावरच ठेवला.