बैठकीतली मोटारसायकल

तिसरं पॅकिंगही गळलं. रेइनेरिओनं इंजिन बंद केलं, बैठकीच्या फरशीवर गुडघे टेकले आणि गाडीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाच्या कडेनं तेल पाझरत होतं आणि कागदावर काळा डाग पसरत चालला होता.

पहिलं पॅकिंग त्यानं दुधाच्या भुकटीच्या खोक्यातून कापलं होतं, दुसरं बुटाच्या. हे तिसरं चिरुटांच्या पेटीतल्या जाड पुठ्ठ्याचं, चांगल्या कामासाठी कधीपासून जपून ठेवलेलं. पुठ्ठा झाकणाच्या कडेवर धरायचा आणि हातोडीनं हलके ठोके मारत कापायचा, ही त्याच्या बापाची रीत. गाडीही बापाचीच, अमेरिकेहून आलेली. साग्वा गावात तिचे सुटे भाग मिळेनासे झाले त्याला उभा जन्म लोटला, पण तिनं कधी दगा दिला नव्हता. दगा दिला तो हातानं. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन रेइनेरिओ दवाखान्यात पडला, घरी आला तो उजव्या हाताला कंप घेऊन, आणि नेमकं तेव्हापासून हे झाकण गळायला लागलं. माणसानं दुसरं काय समजायचं?

दारापाशी झुलत्या खुर्चीत त्याचा जुना मित्र विल्बेर्तो कॉफीचे घोट घेत बसला होता. सांता क्लाराहून तो गाडी न्यायलाच आला होता. रेइनेरिओनंच निरोप धाडला होता, या खेपेला पॅकिंग टिकलं नाही तर गाडी तुझी. विल्बेर्तोचा गाडीवर कैक वर्षं डोळा होता. पण माणूस वाईट नव्हता, म्हणून हसू दाबून बसला होता.

"होतं असं, गड्या," तो म्हणाला. "हात थकतात. आता मजेत डॉमिनो खेळ."

"थरथरत्या हातानं डॉमिनोच्या सोंगट्यासुद्धा उभ्या राहत नाहीत," रेइनेरिओ म्हणाला.

त्यानं चिंधीला बोटं पुसली, किल्ली विल्बेर्तोच्या हातावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. याच गाडीच्या साइडकारमध्ये बसवून त्यानं नेरेइदाला लग्नानंतर घरी आणलं होतं.

नेरेइदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात नेहमीसारखा फरशी पुसायचा फडका. तिचं आणि गाडीचं कधी जमलंच नाही. त्या गल्लीत सगळ्यांच्याच गाड्या बैठकीत झोपत. बाहेर ठेवली तर सकाळी एखादं चाक उरलं तरी नशीब. आणि ही फुलाफुलांची फरशी नेरेइदाच्या आईनं लेकीच्या लग्नात बसवून दिलेली. म्हणजे जन्मभर गाडीनं तेल सांडायचं आणि हिनं पुसायचं.

विल्बेर्तोनं हँडल धरलं आणि गाडी दाराकडे ढकलायला घेतली.

"थांब जरा," नेरेइदा म्हणाली. "न्यायची तर ने, पण आधी माझं बूच काढून घेऊ दे. व्हिनेगरच्या बाटलीला तेव्हापासून चिंधी कोंबून ठेवलीय मी."

रेइनेरिओ वळला. "कसलं बूच?"

ती इंजिनामागे वाकली. तिथं बोटाएवढी एक नळी खाली उतरत होती. तिच्या तोंडात बूच ठोकलेलं, वर मेणबत्तीचं मेण ओतून पक्कं केलेलं. नेरेइदाचं काम म्हणजे कसं, एकदा केलं की हलायचं नाव नको.

"ही नळी मेली सारखी थुंकायची फरशीवर," ती म्हणाली. "तू दवाखान्यातून घरी येणार होतास, म्हाताऱ्या. म्हटलं, निदान घर तरी स्वच्छ दिसावं."

रेइनेरिओ बघतच राहिला. ती नळी म्हणजे इंजिनाचं नाक. आतला दाब तिथूनच बाहेर पडायचा. नाक दाबून ठेवल्यावर तो मिळेल त्या फटीतून तेल घेऊन बाहेर घुसणारच. मग पॅकिंग पुठ्ठ्याचं असो की पोलादाचं.

त्यानं उजवा हात डोळ्यांसमोर धरला. हात अजून थरथरतच होता. आज पहिल्यांदाच त्याला त्याचा राग आला नाही.

सुरीच्या टोकानं त्यानं बूच उचकटलं. ते फट्‌कन उडून खुर्चीखाली गेलं. मग त्यानं झाकण पुसलं आणि बोल्ट पुन्हा आवळले, एक इकडचा, एक त्याच्या समोरचा. प्रत्येक वेळी पाना घसरायचा, तो पुन्हा बसवायचा. विल्बेर्तोला राहवलं नाही, त्यानंच पुढे होऊन किक मारली. नव्या वर्तमानपत्राभोवती तिघंही उकिडवी बसून राहिली. बैठकीत धूर झाला, खिडक्या थरथरल्या, इंजिन चांगलं तापलं. झाकणाखालचा कागद कोरडाच राहिला. नळीखाली तेवढा एक थेंब पडला.

नेरेइदानं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मीच केलं हे सगळं?"

"तू घर स्वच्छ ठेवलंस," रेइनेरिओ म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

विल्बेर्तोचं तोंड एवढंसं झालं. त्यानं किल्ली परत केली. येताना तो ट्रकमध्ये उभा राहून आला होता, जाताना रुबाबात जायचं म्हणून.

"आता मी घरी कसा जाऊ?"

"बस साइडकारमध्ये. हमरस्त्यापर्यंत सोडतो."

"तू चालवणार? या हातानं?"

"पॅकिंग याच हातानं कापलंय," रेइनेरिओ म्हणाला.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत नेरेइदा दारात उभी होती. मग आत येऊन तिनं फडका बाजूला टाकला. कपाटातून निळ्या काठाची पांढरी बशी काढली, खास पाहुण्यांसाठी ठेवलेली, आणि गाडी परत येऊन उभी राहिली की नळीचं तोंड जिथं येईल, बरोबर त्या फुलावर नेऊन ठेवली.