शेजारची ओढ

वेदनाशामक इंजेक्शनांच्या व्यसनापायी कुंदाताईंची नर्सची नोकरी गेली होती. काल दवाखान्यातल्या एका यंत्राने त्यांच्या मेंदूतली ती ओढ पुसून टाकली. “माणसांची ओढही तिथेच शेजारी असते. तीही पुसली जाऊ शकते,” असं बर्वे डॉक्टरांनी त्यांना आणि त्यांच्या मुलीला, केतकीला, आधीच सांगितलं होतं. तरी दोघींनी सही केली होती.

सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शनची बाटली समोर ठेवली. मिठाची बरणी पाहावी तसं कुंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तितक्याच शांतपणे केतकीकडे पाहिलं. केतकी एक पाऊल मागे सरकली.

“किती वाळलीस गं,” कुंदाताई म्हणाल्या. “माझ्यामुळे धड जेवतही नव्हतीस ना? ये, इथे बस.”

केतकी आईला खेटून बसली. कितीतरी महिन्यांनी तिला सडकून भूक लागली.